एकतीस वेळा वाजलेली बेल

माझ्या कादंबरीचे हस्तलिखित आजवर एकाच व्यक्तीने पूर्ण वाचले आहे. तिने ते परत केले तेव्हा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता: "तुझ्याकडे एवढं येतं तरी कोण?"

प्रश्न विचारणारी माझी मैत्रीण. इंदूरच्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षे आम्ही दोघींनी एकाच टेबलावर डबे उघडले. ती भूगोल शिकवीत असे, मी मराठी. तिचे घराणे पणजोबांपासून इथले, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली, की कोणते वाक्य कुठे वळण घेईल याचा नेम नसे. मी लग्न होऊन नाशिकहून आले. माझे यजमान सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात होते. त्यांना जाऊन पाच वर्षे झाली. आम्हाला मूलबाळ नाही. बडा गणपतीच्या मागच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहते. एवढी माहिती आधीच दिलेली बरी. नकाशा टांगल्याशिवाय नद्या शिकवू नयेत, असे मैत्रीण म्हणत असे.

निवृत्तीनंतर मी कादंबरी लिहायला घेतली, ती मला येत असलेल्या एकमेव पद्धतीने. शाळेत प्रत्येक तासाचे टाचण काढावे लागते. टाचण म्हणजे शिकवण्याआधी लिहून ठेवायचा आराखडा: उद्दिष्ट, प्रस्तावना, विषयाची मांडणी, मूल्यमापन. माझ्याकडे टाचणाच्या दोन कोऱ्या वह्या शिल्लक होत्या. त्यांतच मी बावीस प्रकरणांचे आराखडे काढले. नायिका साठी ओलांडलेली, याच शहरात दोन खोल्यांत एकटी राहणारी. पहिल्या प्रकरणापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: "उद्दिष्ट: वाचकाला नायिकेच्या एकटेपणाची जाणीव होणे." आज हे वाक्य वाचताना हसू येते. त्या वेळी मात्र वही मिटताना अर्धे काम झाल्यासारखे वाटले होते.

दीड वर्षात बावीस प्रकरणे झाली. मैत्रिणीने ती भिंग लावून, दीड महिना खपून वाचली. तिची नजर उतरत चालली होती. हैदराबादला असलेल्या मुलाने तिला कायमचे तिकडे बोलावले होते आणि दिवाळी झाली की ती जाणार होती. एका शनिवारी दुपारी तिने मला घरी बोलावले. तिचे घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत, जिना अरुंद, आणि खाली दिवसभर सोनारांच्या हातोड्यांची टिकटिक.

"बैस. आधी चहा, मग पिटाई," ती म्हणाली.

"कोणाची?"

"तुझ्या त्या बाईची. एकटी राहते ना ती?"

"हो."

"अगं, कुठे एकटी? घंटी वाजली, शेजारीण आली. घंटी वाजली, पोस्टमन. घंटी वाजली, भाचा. माझ्या लग्नात पण इतके लोक नव्हते आले!"

मी म्हणाले, "कोणी आल्याशिवाय कथानक पुढे कसे सरकणार?"

"का? एकटी बाई घरात काही करतच नाही? आणि दुसरी गोष्ट सांगू? कोणी आलं, की तू पण त्यांच्या मागे मागे आत येते. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरायची ना, तशी. ती रडायला लागली, की तू आधीच सांगून टाकते ती का रडते. रडू दे ना तिला, यार. तू बाहेर जाऊन उभी राहा."

मी कपातल्या चहाकडे पाहत राहिले. पस्तीस-चाळीस मुलांसमोर कोणी माझी वही फाडली असती, तरी इतके लागले नसते. कारण ती खरे बोलत होती.

"तुझ्याकडे येतं का कोणी?" तिने विचारले. विचारल्याबरोबर, ते विचारायला नको होते, असे तिला वाटले असावे, कारण तिने भरलेल्या कपात आणखी चहा ओतला.

"पेपरवाला," मी म्हणाले.

"तो तर खालून फेकतो, भिया!"

आम्ही दोघी खूप हसलो. शाळेतही ती मला मुद्दाम भिया, म्हणजे इंदुरी बोलीतला 'भैया', म्हणत असे, मी भाषेच्या शुद्धतेवर बोलू लागले की.

निघताना जिन्याच्या तोंडाशी तिने माझा हात धरला. "ऐक. मी जायच्या आत एक चॅप्टर लिही, ज्याच्यात कोणी नाही येत. ती बाई आणि तिचं घर, बस. आणि मला वाचून दाखव. माझ्याने आता भिंग नाही होत."

मी हो म्हणाले. सराफ्यातून राजवाड्याकडे चालत येताना त्या होकाराचे वजन कळत गेले. मला दुसरा वाचक नव्हता. नाशिकला ज्यांच्याशी वाचनाविषयी बोलता येईल असे कोणी उरले नव्हते, आणि इमारतीतल्या कोणाला मराठी वाचता येत नव्हते. हे एक प्रकरण जमले नाही तर उरलेल्या बावीसांवर माझाच विश्वास राहणार नव्हता, आणि ते जमले की नाही हे सांगणारी व्यक्ती दिवाळीनंतर इथे असणार नव्हती.

घरी येऊन मी जे केले ते शिक्षिकेला शोभणारेच होते. तक्ता आखला. चार रकाने: प्रकरण, पान, कोण आले, कशासाठी आले. दोन दिवस बसून मोजले. बावीस प्रकरणांत बेल एकतीस वेळा वाजली होती. 'कशासाठी' या रकान्यात तीस ठिकाणी लिहायला काहीतरी मिळाले: मृत्यूची बातमी द्यायला, पूर्वीच्या प्रसंगाची आठवण करून द्यायला, नायिकेचा स्वभाव वाचकाला कळावा म्हणून. फक्त एकोणिसाव्या प्रकरणातली बेल अशी निघाली, की तिच्यासमोर काही लिहिता येईना. तिथे नायिकेची जुनी ओळखीची बाई येते, थोडा वेळ बसते, भुईमुगाच्या शेंगा खाते आणि जाते. मी तो रकाना कोरा ठेवला आणि शेजारी लाल शाईने 'अनावश्यक' असे लिहिले.

मग कारण शोधले. तेही सापडले. सव्वीस वर्षे माझा प्रत्येक तास घंटेने सुरू झाला होता. घंटा झाल्याखेरीज मी वर्गात पाऊल टाकले नव्हते की विषयाला हात घातला नव्हता. तेच मी कादंबरीत करीत होते. बेल वाजली की प्रकरण सुरू, पाहुणा उठला की प्रकरण समाप्त. या निष्कर्षाने मला बरेच समाधान मिळाले. माझ्यासारख्या उशिरा लिहू लागलेल्यांनी हा उपाय अवश्य करून पाहावा. आपल्या लेखनात वारंवार येणारी एखादी गोष्ट निवडावी आणि ती नुसती मोजावी. आपल्याला सवय आहे हे ऐकून माणूस वाद घालतो, आकडा पाहिल्यावर गप्प बसतो.

त्यापुढची पायरी मला अधिक अवघड गेली. नायिकेच्या बेलची नोंद झाली, तेव्हा स्वतःच्याही बेलची ठेवावी, असे ठरवले. दाराजवळ वही टांगली. पंधरा दिवसांत तीन नोंदी झाल्या. गॅसची टाकी. मीटर वाचणारा. आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे घर विचारणारा एक तरुण, ज्याने माझे दार चुकून वाजवले आणि तीनदा सॉरी म्हटले. त्याला पाणी विचारावे असे मनात आले होते, पण तो जिना चढून गेलाही.

रोज ठरलेल्या वेळी मला भेटणारे एकच माणूस होते. सकाळी कचऱ्याची गाडी भोंग्यावर गाणे वाजवीत गल्लीत येते, आणि सगळे जण ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन खाली उतरतात. गाडीवरच्या बाईने एकदा माझ्या ओल्या डब्यात डोकावून पाहिले.

"आंटीजी, आज भी इतना सा?"

"अकेली का कितना निकलेगा?" मी म्हणाले.

"अकेले का भी पेट तो होता है," ती म्हणाली आणि डबा उलटा करून त्याच्या बुडावर थाप मारली.

वर येऊन मी ते वाक्य वहीत उतरवले आणि तशीच हस्तलिखिताकडे वळले. जिना चढताना एक शंका आली होती, ती खरी ठरली. माझ्या नायिकेने एकतीस वेळा चहा केला होता, पाच वेळा पोहे, एकदा शिरा. ती स्वतः एकदाही जेवली नव्हती. समोर कोणी नसताना तिला भूक लागू शकते, हे दीड वर्षात माझ्या डोक्यातच आले नव्हते.

आता लिहायला बसले. पहिल्या प्रयत्नात बेल वाजली नाही, पण टेलिफोन वाजला. दुसऱ्या प्रयत्नात टेलिफोन काढला, तर नायिका आपल्या दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीशी बोलू लागली, आणि तसबीर उत्तरेही देऊ लागली. तिसऱ्यात खिडकीवर कबुतर आले. कबुतराला मी इतके समजूतदार केले होते, की ते भाच्याच्या जागी सहज चालले असते. तिन्ही खर्डे लाल शाईने खोडले. पाहुणे वेष बदलून येत होते आणि दार उघडणारी मीच होते.

दिवाळीला आठवडा उरला होता. त्या दिवशी पणत्या आणि थोडी भाजी आणायला राजवाड्यापर्यंत गेले. परतताना सराफ्यात सोनार दुकाने आवरीत होते, काही ओट्यांवर पाणी मारून झाले होते, आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या लावणारी माणसे पाट्या-परातींसह आपल्या जागेची वाट पाहत उभी होती. एकच जागा दोन जणांची, पण दोघांच्या वेळा ठरलेल्या. तिथे मी विनाकारण थोडी रेंगाळले. मैत्रिणीची गल्ली हाकेच्या अंतरावर होती. गेले नाही. प्रकरण झाल्याशिवाय तिच्यासमोर जायचे नाही, असे मी ठरवले होते.

घरी पोचले, जिना चढले. उजव्या हातात पिशवी, डाव्या हातात किल्ली. आणि किल्ली कुलपाला लावण्याऐवजी मी बेल वाजवली.

का वाजवली, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. आत बेल वाजल्याचे बाहेरून ऐकू आले. आपल्या घराची बेल बाहेरून कशी ऐकू येते हे मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. बाहेरून तो आवाज लांबचा वाटतो, जणू घर आहे त्यापेक्षा मोठे आहे. मी उभी राहिले. समोरच्या घराचे दार उघडले आणि तिथल्या सूनबाईंनी डोके बाहेर काढले.

"आंटी, चाबी अंदर रह गई क्या?"

"नहीं, हाथ में है."

"फिर?"

"बेल चलती है कि नहीं, देख रही थी."

तिने माझ्याकडे आणि मग किल्लीकडे पाहिले. "चल रही है," ती हळूच म्हणाली, आणि तिने दार अगदी आवाज न करता लावून घेतले.

आत आले, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि तेव्हा आठवले. यजमानांकडे किल्ली असे. तरीही कारखान्यातून आल्यावर ते बेल वाजवीत, दोनदा, छोटी छोटी. माझे हात कणकेत असत. मी रागावत असे: "किल्ली आहे ना खिशात? मग मला कशाला उठवता?" ते चपला काढता काढता म्हणत, "कोणी दार उघडलं, की घरी आल्यासारखं वाटतं." इतकी वर्षे रोज ऐकलेले हे वाक्य मी कधी वहीत लिहून ठेवले नव्हते. त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे वाटलेच नव्हते.

शाळेच्या घंटेचे माझे उत्तर चुकीचे नव्हते. पण त्याला मी अर्धेच गुण दिले असते.

प्रकरण चार दिवसांत झाले. टाचण काढले नाही. त्यात एवढेच आहे: नायिका बाजारातून येते, हातात किल्ली असताना बेल वाजवते, स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला एखाद्या माणसाला जितका वेळ लागतो तितका वेळ उभी राहते, मग कुलूप उघडते. भाजी निवडते. लहान पातेल्यात भात लावते. जेवते. ताट घासून पालथे घालते. सगळी मिळून सात पाने. ती काय विचार करते हे मी कुठेही लिहिले नाही. ती जेवत होती तेव्हा मी खरोखर बाहेर जाऊन उभी राहिले, निदान तसा प्रयत्न केला. फक्त शेवटी, सवयीने, एक वाक्य जोडले.

मैत्रीण निघायच्या दोन दिवस आधी स्वतःच रिक्षा करून माझ्याकडे आली. तिच्या घरात बसायला खुर्ची उरली नव्हती, सगळे बांधून झाले होते. दारावर तळहाताच्या थापा ऐकू आल्या आणि मागोमाग तिचा आवाज: "उघड गं! घंटी नाही वाजवणार मी. नाहीतर तू परत लिहून टाकशील!"

ती धापा टाकत आत आली, पाणी प्यायली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "सुरू कर. मध्ये मी बोलली तर रागावू नको."

मी वाचू लागले. वर्गात वाचायचे तसे नाही, हळू. ती डोळे मिटून ऐकत होती. नायिकेने बेल वाजवली, त्या ओळीला तिने डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. दाराकडे पाहिले.

"थांब. किती वेळ उभी राहिली ती?"

"लिहिलं आहे पुढे. स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला लागतो तेवढा."

"हं," ती म्हणाली. तिने पुन्हा डोळे मिटले. "वाच."

भात लावण्याच्या ओळीला ती एकदा पुटपुटली, "छोट्या पातेल्यात भात नेहमी लागतो खाली." मी समासात ते टिपून घेतले. ताट पालथे घातले गेले. मग मी शेवटचे वाक्य वाचले: "या शहरात तिचे आता कोणीही उरले नव्हते."

तिने मांडीवरचा चष्मा उचलून रुमालाने पुसला आणि परत मांडीवर ठेवला. मला वाटले, तिला प्रकरण आवडले.

"कोणीही नाही?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी परवा जाणार. आज तर बसली आहे ना तुझ्या खुर्चीत?"

मी म्हणाले, "अगं, ती नायिका आहे. मी नाही."

"हो का?" ती म्हणाली. ती चिडली नव्हती. तिने चाचपडत टेबलावरची पेन्सिल शोधली आणि माझ्यापुढे धरली. "काट ते. खोटं आहे."

नव्या लेखकांना नेहमी सांगितले जाते, की प्रकरणाच्या शेवटी येणारे समजावणीचे वाक्य काढून टाकावे, कारण वाचकाला ते आधीच कळलेले असते. सल्ला योग्य आहे आणि मीही तो देईन. माझे ते वाक्य मात्र दुसऱ्या कारणाने गेले. ते लिहिताना मी स्वतःची कीव करीत होते, आणि त्या भरात समोर बसलेल्या माणसाला मोजायचे विसरले होते. मी तिच्यादेखत वाक्यावर रेघ ओढली. रेघेचा आवाज ऐकून तिने मान हलवली.

"आता बरोबर," ती म्हणाली. "आता ती खरंच एकटी आहे. आधी तू तिच्या बाजूने भांडत होती. काही खायला आहे का?"

चकल्या होत्या. ती तीन चकल्या खाऊन, चौथी रुमालात बांधून घेऊन गेली. मी तिला खाली रिक्षेपर्यंत सोडले. ती रिक्षेतून डोके बाहेर काढून म्हणाली, "बाकीच्या घंट्या पण काढ. मी फोनवर विचारणार." रिक्षा मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभी होते. वर येताना किल्ली काढली आणि दार उघडले. बेल वाजवली नाही.

हे गेल्या दिवाळीचे. त्यानंतर मी तक्ता पुढे ठेवून पहिल्या प्रकरणापासून काम सुरू केले. एका वेळी एक बेल. शेजारीण गेली, पोस्टमन गेला, भाचा दोनदा गेला. जिथून माणूस काढले, तिथे नायिकेला काहीतरी करावे लागले: गहू निवडणे, पलंगपोस बदलणे, खिडकीत उभे राहून कचऱ्याच्या गाडीची वाट पाहणे. पुस्तक बारीक होत गेले आणि घर मोठे होत गेले. काही दिवस असे गेले, की सकाळच्या गाडीवरच्या बाईखेरीज मी कोणाशी एक वाक्य बोलले नाही. त्या दिवसांत लिहिलेली पाने इतरांपेक्षा बरी आहेत, हे मला मान्य करावे लागते. त्याचा आनंद झाला असे मात्र म्हणता येत नाही. मैत्रिणीचा फोन सुरुवातीला दर रविवारी येई, आता तिच्या सोयीने येतो. तिला ऐकूही थोडे कमी येऊ लागले आहे.

मागच्या आठवड्यात एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत पोचले. तीच जुनी ओळखीची बाई, तोच कोरा रकाना, शेजारी माझ्याच अक्षरात लाल शाईने 'अनावश्यक'. ती बातमी आणत नाही. तिच्यामुळे कथानक तसूभरही सरकत नाही. येते, बसते, शेंगा खाते, टरफले पदरात गोळा करते आणि जाते.

पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ बसले. मग 'अनावश्यक' हा शब्द खोडला. रकाना कोराच ठेवला आणि बेल वाजू दिली.